सात दिवसांनंतर : मेंदूला इजा झालेल्यांच्या कुटुंबीयांचे प्रशिक्षण

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग पनवेल सोडून दक्षिणेस निघाला, की पेण तालुक्यातून वडखळला येतो आणि पुढे नागोठणे, कोलाड ही रोहा तालुक्यातील गावे ओलांडून माणगावची वाट धरतो. या मार्गाच्या परिसरात डोलवीचा पोलाद कारखाना आहे, धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि पेण, हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. कामाची पाळी सुटली म्हणजे दुचाकींची रांगच रस्त्यावर येते. त्यांतील एखादी घसरते, एखादी मालमोटारीखाली येते आणि चालकाच्या डोक्याला मार बसतो. रस्त्यावरील अपघातांखेरीज नारळी-पोफळीवरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडणे आणि पक्षाघाताचा झटका येणे, हीही प्रौढ माणसाच्या मेंदूस इजा होण्याची नेहमीची कारणे होत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि ४,४३,३६६ जखमी झाल्या. हेल्मेट न घातल्यामुळे प्राण गमावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. मृतांचा आकडा वाचून मन हळहळते. परंतु जखमींच्या आकड्यातही मोठे दुःख दडलेले आहे. त्यांतील काही जणांची हाडे सहा महिन्यांत सांधतात. काहींचा मेंदू मात्र पूर्ववत होत नाही आणि त्यांचे पुढील सारे आयुष्य घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाते. त्या दुसऱ्या माणसाला कोणी काही शिकविले आहे काय, हा या लेखाचा विषय आहे.

प्राण वाचविण्याची व्यवस्था

अपघातग्रस्ताचा जीव वाचविण्यासाठी गेल्या काही वर्षांत बरीच व्यवस्था झाली, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. जखमीस रुग्णालयात पोचविणाऱ्या परोपकारी नागरिकास चौकशीचा जाच होऊ नये, म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात.

हे पहिले सात दिवस प्राण राखण्याचे असतात. पेण वा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून जखमीस अलिबाग, कामोठे किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलविले जाते, शस्त्रक्रिया होते, शुद्ध येते. काही आठवड्यांनी घरी जाण्याची परवानगी मिळते. घरच्यांच्या हाती औषधांची चिठ्ठी आणि पुढील तपासणीची तारीख पडते. गाव पाहावयास लोटते, नारळ फोडला जातो, ‘देवाने वाचविले’ असे म्हणून सर्वजण समाधान मानतात. कुटुंबाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

डोळ्यांना न दिसणारी इजा

मोडलेला पाय सर्वांस दिसतो. मेंदूची इजा पुष्कळदा दिसत नाही. जखमेवर केस उगवतात, माणूस चालू-बोलू लागतो आणि तो बरा झाला असे शेजाऱ्यांस वाटते. घरच्यांना मात्र तो वेगळाच भासतो. पूर्वीचा शांत मनुष्य क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो. कर्ता पुरुष सकाळपासून ओटीवर बसून राहतो आणि सांगितल्याखेरीज आंघोळीलाही उठत नाही. पाच मिनिटांपूर्वी जेवल्याचे तो विसरतो. चारचौघांत न बोलावयाचे बोलतो.

मेंदूच्या पुढील भागाकडे विचार करून वागणे, कामाची सुरुवात करणे आणि रागास आवर घालणे ही कार्ये असतात. अपघातात डोके आदळले म्हणजे हाच भाग कवटीच्या खडबडीत तळाशी घासला जाण्याचा संभव अधिक असतो. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात या संदर्भात फिनिअस गेज या अमेरिकन मुकादमाचे उदाहरण नेहमी दिले जाते. १८४८ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंगाच्या स्फोटाने एक लोखंडी पहार त्याच्या कवटीतून आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला. परंतु त्याचा स्वभाव इतका पालटला, की त्याच्या परिचितांना तो जुना गेज वाटेना.

आपल्याकडे असे काही घडले, की घरचे त्याला आळस, हट्ट किंवा माज म्हणतात. कोणी दारूचा संशय घेतो, तर कोणी बाहेरची बाधा झाली असे समजून भगताकडे जाण्याचा सल्ला देतो. त्यात पैसा जातो, वेळ जातो आणि रुग्णास मारहाण होण्याचाही धोका असतो. ‘हा मुद्दाम करीत नाही, त्याच्या मेंदूची इजा हे करीत आहे,’ एवढे एक वाक्य पत्नीला, आईला आणि भावाला वेळेवर समजले, तर घरातील निम्मा कलह टळू शकेल. प्रशिक्षणाचा पहिला धडा हाच होय.

घरच्यांनी काय शिकावे?

पुढील गोष्टी शिकण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. परंतु त्या कोणीतरी दाखवाव्या मात्र लागतात.

अंथरुणावर असलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी. टाचा, माकडहाड आणि खुबे येथील कातडी लाल झाली आहे काय, हे रोज पाहावे. पाठीचे व्रण एकदा चिघळले, की महिनोन्महिने भरत नाहीत.

जेवण भरविताना रुग्णास ताठ बसवावे, लहान घास द्यावा आणि तो गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा. खाताना ठसका लागत असेल किंवा आवाज घोगरा, ओला येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असल्याची शक्यता असते. अशा वेळी भरविणे थांबवून डॉक्टरांस कळवावे. पडल्या पडल्या पेज वा पाणी पाजणे, ही मायेपोटी होणारी परंतु धोक्याची चूक आहे.

उठविताना लुळा हात धरून ओढू नये. त्याने खांदा निखळतो. रुग्णाच्या दुर्बल बाजूस उभे राहून कमरेला आधार द्यावा. आधार देणाऱ्याने आपले गुडघे वाकवावेत, पाठ वाकवू नये.

आकडी आली तर रुग्णास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल नाकाशी धरू नये. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला दूरध्वनी करावा. आकडीची औषधे ‘आता बरे वाटते’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.

डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलट्या, असाधारण झोपाळूपणा, नव्याने आलेला लुळेपणा ही लक्षणे अपघातानंतर काही आठवड्यांनी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे. वृद्धांमध्ये कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत जाते आणि किरकोळ मार लागला होता म्हणून घरचे ते मनावर घेत नाहीत.

स्मरणशक्तीसाठी भिंतीवर फळा असावा. त्यावर आजचा वार, औषधांच्या वेळा आणि कोण कोठे गेले आहे हे लिहावे. सांगावयाचे ते एका वेळी एकच सांगावे. राग आला तर वाद घालू नये. दूरदर्शनचा आवाज बंद करावा, माणसे कमी करावीत, विषय बदलावा. शांत झाल्यावर, राग येण्यापूर्वी काय घडले होते ते वहीत टिपून ठेवावे. आठ-दहा नोंदींनंतर बहुधा असे ध्यानात येते, की राग भुकेच्या, थकव्याच्या किंवा गोंगाटाच्या वेळीच येतो. मग तो टाळण्याचा मार्गही सापडतो.

कामावर परतण्याचा विचारही याच पद्धतीने करावा. पेणच्या एखाद्या मूर्तिकाराची कल्पना करू. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हा कुशल हात इजेनंतर थरथरतो, शिवाय कामाचा क्रम त्याच्या ध्यानात राहत नाही. त्याला एकदम आखणीस बसविले, तर अपयश येईल आणि तो खचेल. प्रथम मूर्ती घासून गुळगुळीत करण्याचे काम अर्धा तास द्यावे, मग विश्रांती. ते जमले की पांढरा हात देणे. पुढील पायऱ्या समोर चित्रांनी दाखवाव्यात आणि चूक होण्यापूर्वीच मदत करावी. पूर्वीइतके काम कदाचित कधीच होणार नाही. परंतु कारखान्यात बसावयास आपली एक जागा असणे, यालाही माणसाच्या लेखी मोठी किंमत आहे.

शिक्षण घरापर्यंत कसे पोचावे?

हे सारे शिकविणारे तज्ज्ञ आहेत. परंतु ते दूर आहेत. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्य करीत आहे. वांद्रे येथे वाचा व श्रवण यांसंबंधीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तथापि पेण वा रोह्याच्या आतल्या गावातून स्वतः न चालणाऱ्या माणसास तेथे नेणे म्हणजे भाड्याची गाडी, दोन माणसांचा बुडालेला रोज आणि एक अख्खा दिवस. असे फार तर दोन-तीनदा होते, मग थांबते.

येथेच ऑनलाइन प्रशिक्षणाचा विचार पुढे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी ‘आयसपोर्ट’ नावाचा अभ्यासक्रम तयार केला आहे. त्याचे पाच भाग व तेवीस धडे आहेत. प्रत्येक धड्यात घरातील एखादा प्रसंग, त्यावर एक प्रश्न आणि उत्तराचे स्पष्टीकरण असते. शिकणाऱ्याने सवड मिळेल तसे एकेक धडा पाहावयाचा. स्मृतिभ्रंश आणि मेंदूची इजा या भिन्न गोष्टी आहेत. स्मृतिभ्रंश वाढत जातो, तर इजा झालेला तरुण बहुधा काही अंशी सुधारत जातो. परंतु विसराळूपणा, संताप, रात्रीची जाग, शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा हे प्रश्न दोहोंत समान असल्याने शिकविण्याची ही पद्धत येथेही उपयोगी पडू शकते.

अशा शिक्षणाकडून अपेक्षा मात्र माफक ठेवावयास हवी. भारतातील १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत घरच्यांना व्यायाम व पुनर्वसन शिकविण्यात आले होते. सहा महिन्यांनी पाहता, मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच भरले. ‘आयसपोर्ट’च्या भारतातील चाचणीतही अनेक कुटुंबीय मध्येच गळाले.

या निष्कर्षांवरून शिकविणे व्यर्थ आहे असा अर्थ काढणे चुकीचे होईल. त्यांतून दोन बोध घेता येतात. पहिला असा, की पत्नीला किंवा आईला भौतिकोपचार तज्ज्ञाच्या जागी उभे करून शासनास वा रुग्णालयास आपली जबाबदारी संपली असे मानता येणार नाही. दुसरा असा, की नुसते धडे दूरध्वनीवर पाठवून भागत नाही. शिकणाऱ्याच्या सोबत कोणीतरी असावे लागते. पाठीचे व्रण, ठसका, आकडीच्या वेळची घबराट आणि गैरसमजातून होणारी भांडणे टाळणे, हे घरच्यांच्या शिक्षणाचे योग्य क्षेत्र होय. सुधारणा घडवून आणणे हे तज्ज्ञांचे काम आहे.

पेण-रोह्यातील अडचणी

दोन्ही तालुक्यांतील डोंगराच्या कुशीतील ठाकूर व कातकरी वाड्यांवर दूरध्वनीचा संपर्क अनेक ठिकाणी तुटक असतो. घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो बहुधा कामावर जाणाऱ्या पुरुषाच्या खिशात असतो. शुश्रूषा करणारी स्त्री मात्र घरी असते. म्हणून धडे मराठीत, बोलीला जवळच्या साध्या भाषेत, दहा-पंधरा मिनिटांचे आणि एकदा उतरवून घेतले की संपर्काविना ऐकता येतील असे असावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाज व चित्र पुरेसे व्हावे.

वेळही स्थानिक जीवनक्रम पाहून ठरवावी. भातलावणीच्या दिवसांत दुपारी कोणी वर्गास बसणार नाही. गणेशोत्सवापूर्वी मूर्तींच्या कारखान्यांतून दिवसरात्र काम चालते, तेव्हा त्या घरांतील माणसे मोकळी नसतात. लावणी आटोपल्यावर शेतकरी घरांसाठी आणि गणपतीनंतर कारागिरांसाठी अशा दोन तुकड्या करणे अधिक व्यवहार्य ठरेल.

आणखी एक गोष्ट. शिकण्याचा भार एकट्या सुनेवर किंवा पत्नीवर टाकू नये. रुग्णालयातून निघतानाच घरातील दोघांची नावे लिहून घ्यावीत आणि त्यांत एक पुरुष असावा. उचलणे-वळविणे हे दोघांचे काम आहे. शिवाय एकटीने वर्षानुवर्षे जागरण केले, तर काही काळाने तिलाच औषधाची गरज लागते. पाठदुखी, निद्रानाश, एकाकीपणा, ‘याहून मरण बरे’ असे मनात येणे आणि तसे मनात आले म्हणून स्वतःला अपराधी मानणे, या गोष्टी शुश्रूषा करणाऱ्यांत सर्रास आढळतात. त्या बोलून दाखविण्यास जागा हवी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये शुश्रूषा करणाऱ्याची व्याख्या दिली असून, मोबदला न घेता सेवा करणारे आईवडील व कुटुंबीय यांचाही तीत समावेश आहे. कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी शुश्रूषा भत्त्याचा उल्लेख आहे. कलम ४७ अन्वये, शुश्रूषा व आधार यांविषयी कुटुंबीयांना आणि समाजातील इतरांना प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली आहे. म्हणजेच हे प्रशिक्षण ही कोणाची मेहेरबानी नसून कायद्याने अपेक्षिलेली गोष्ट आहे.

मेंदूची इजा या अधिनियमातील एकवीस प्रकारांत स्वतंत्र नावाने येत नाही. ही बाब अनेक कुटुंबांना ठाऊक नसते आणि ‘तुमचा आजार यादीत नाही’ एवढे ऐकून ती परत फिरतात. वस्तुतः इजेमुळे चलनवलन, वाचा, मानसिक स्थिती यांवर जो परिणाम झाला असेल, त्या शीर्षाखाली तपासणी करून घेता येते. प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र यांसाठी अर्ज करताना रुग्णालयातून सुटल्याचा कागद, मेंदूच्या तपासणीचे अहवाल आणि घरच्यांनी ठेवलेली वही सोबत न्यावी.

शुश्रूषेला पैशातही मोल असते, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. मेंदूस गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाई ठरविताना रात्रंदिवस सेवेसाठी दोन परिचारकांचा आयुष्यभराचा खर्च धरला. जे काम घरातील आई फुकट करते, त्याची बाहेर काय किंमत होते, याची कल्पना यावरून यावी.

गाव काय करू शकेल?

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी या निधीचा विचार करताना चाकांची खुर्ची, न्हाणीघरातील आधाराचा दांडा, उंबऱ्यावरचा उतार यांबरोबरच शिक्षणाचाही विचार करावा. ग्रामपंचायत कार्यालयात आठवड्यातून एक तास खोली, पडदा आणि इंटरनेटची जोडणी मिळाली, तर परिसरातील चार-पाच कुटुंबे एकत्र बसून तज्ज्ञांचे बोलणे ऐकू शकतील. त्या तासात रुग्णाजवळ बसण्यासाठी शेजारच्या एखाद्या घरास विनंती करणे, हेही सदस्यांचेच काम.

आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी ‘ई-संजीवनी’द्वारे दूरच्या डॉक्टरांशी संपर्क साधून देऊ शकतात. आशा कार्यकर्ती घरी जाते. तिने धडा पाहिला की नाही एवढे विचारून न थांबता ‘करून दाखवा’ असे म्हटले, तर कूस बदलण्यातील किंवा भरविण्यातील चूक तिथेच दुरुस्त होईल. ज्या कुटुंबाने असे एक वर्ष काढले आहे, त्यातील व्यक्तीस नव्या कुटुंबाशी जोडून देणे हा तर सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

शिक्षकांचाही यात वाटा आहे. वडिलांना इजा झाल्यानंतर एखादी मुलगी वर्गात गैरहजर राहू लागली, तर ती घरी पित्यास सांभाळीत असण्याचा संभव असतो. हे सर्वांआधी शिक्षकाच्या ध्यानात येते. त्याने चौकशी केली, घरच्यांना ग्रामपंचायतीचा मार्ग दाखविला, तर एकाच वेळी दोन आयुष्ये सावरतील. हेल्मेट व वेग यांविषयी मुलांशी बोलतानाही, वाचलेल्या माणसाचे पुढे काय होते हे त्यांना सांगावे.

समारोप

अपघात झाला, की गाव धावून येते. रुग्णवाहिका बोलावणे, रक्त देणे, वर्गणी गोळा करणे यांत आपला समाज मागे राहत नाही. परंतु ही धाव पहिल्या काही दिवसांत संपते आणि पुढची दहा-वीस वर्षे एखादी बाई बंद दाराआड एकटी उरते. तिला काय करावे हे सांगितलेले नसते. चुकले म्हणजे बोल मात्र तिलाच लागतो.

हातातील लहानशा यंत्राने शहरातील ज्ञान तिच्या उंबऱ्यापर्यंत आणण्याची सोय आज झाली आहे. त्या यंत्राला मराठी भाषा देणे, त्याच्यासोबत एक माणूस देणे आणि शिकणारीला आठवड्यातील एक मोकळा तास देणे, ही कामे मात्र यंत्र करणार नाही. ती अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना करावयाची आहेत. आपल्या गावात असे किती जण घरी परतले आहेत, त्यांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीने पुढील सभेपूर्वी करावी. आरंभास एवढे पुरे आहे.